टाचणीमावशी आणि एका हँगरला सात कोट

आमची मावशी गेली त्याला आज अठरा दिवस झाले. भेटायला माणसं येतात, बसतात, पाणी पितात आणि एकच बोलतात, फार अबोल होती हो बाई. खोटं कशाला बोला, ती अबोल अजिबात नव्हती. तिच्या तोंडात टाचण्या असायच्या. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात सहा टाचण्या धरून ती दिवसाचे आठ तास काम करायची. तोंडात टाचण्या असल्यावर माणूस बोलणार काय? हो म्हणायचं असेल तर एकदा हं, नाही म्हणायचं असेल तर दोनदा हं हं. आणि टाचण्या एकदा डबीत गेल्या की मग समोरच्याची काही खैर नसायची, अशी फिरकी घ्यायची. कामावर सगळे तिला टाचणीमावशी म्हणायचे. पुढे घरी पण तेच नाव पडलं.

कामाला ती एका मोठ्या हॉटेलात होती, पण वरच्या झुंबराखालच्या हॉटेलात नाही. खाली तळघरात गणवेशाची खोली होती, तिथे. वेटर, आचारी, सामान उचलणारे, दारावरचे, सगळ्यांचे कपडे तिथे नंबर लावून टांगलेले. एका भिंतीला कोट, एका भिंतीला पँटी, मध्ये इस्त्रीचं टेबल आणि एकुलत्या एका खिडकीखाली मावशीचं मशीन. खिडकी पार वर, छताला टेकलेली, तिच्यातून बाहेरच्या रस्त्यावरच्या माणसांचे फक्त बूट दिसायचे. मावशी बुटांवरून सांगायची, हा आज उशिरा आला, हिचं घरी भांडण झालंय, ह्याला नवीन नोकरी लागली वाटतं. इस्त्रीवाले दादा म्हणायचे, मावशी, तुम्ही माणसाचं तोंड बघायचंच सोडून दिलंय. तर म्हणायची, तोंड खोटं बोलतं, टाच खोटं बोलत नाही.

शाळा तिची चौथीत सुटली. शिवण शिकली ती एका म्हाताऱ्या मास्तरांकडे. ते मास्तर तिच्या आधी त्याच खिडकीखाली बसायचे. त्यांनी तिला एक गोष्ट हाताला लावून दिली ती शेवटपर्यंत गेली नाही. कपडा आत घेतला, म्हणजे बारीक केला, की आतलं जास्तीचं कापड कापायचं नाही. शिवणीच्या आत जे जास्तीचं राहतं त्याला शिवणकामात माया म्हणतात, हे तुम्हाला माहीतच असेल. बाकीचे लोक बोटभर माया ठेवतात आणि उरलेलं कात्रीनं उडवून देतात. मावशी सगळं ठेवायची. चार बोटं तर चार बोटं. मास्तर म्हणाले होते, आज हा माणूस बारीक आहे, उद्या नसेल, कापायचा हक्क आपल्याला कुणी दिला? हॉटेलात कोट माणसाबरोबर जात नाही, माणूस जातो आणि कोट राहतो, दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढतो. मावशीच्या हाताखालून गेलेला एकेक कोट पाच पाच जणांनी घातलेला होता. कापला असता तर दुसऱ्याला झालाच नसता.

तर सगळं असं चाललेलं असताना खोलीवर देखरेखीला नवीन मॅडम आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. कडक होत्या, टापटिपीच्या होत्या. सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या आणि स्वतःचा कोट स्वतः टांगायच्या. त्यांनी आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे प्रत्येक कपड्याला इंग्रजीत चिठ्ठी, काय करायचं ते त्यावर लिहिलेलं, तोंडी सांगणं बंद. दुसरं म्हणजे चिठ्ठीच्या खाली शेवटची ओळ कायमची छापून टाकली, ट्रिम. म्हणजे आतलं जास्तीचं कापा. त्याचं कारण पण होतं त्यांच्याकडे. जाड शिवणीवर इस्त्री फिरली की बाहेरून चकचकीत रेघ उमटते आणि काळ्या कोटावर ती लांबून दिसते. पाहुणे बघतात.

आणि मग महिन्याभरानं तिसरी गोष्ट आली. तीन महिन्यांनी इंग्रजीची परीक्षा, लेखी आणि तोंडी. जे चिठ्ठ्या बघून काम करतात त्या सगळ्यांना. पास झाला तो आपल्या जागेवर, नापास झाला तो धुलाईच्या खोलीत, चादरी वेगळ्या करायला. तिथे वाफ, फरशीवर पाणी, आणि मशीन नाही.

मावशी तेव्हा बावन्न वर्षांची होती. त्या मशीनवर तिची सत्तावीस वर्षं गेली होती. मशीनच्या पायट्यावर तिच्या पायाचा आकार पडला होता, लोखंडावर, थट्टा नाही करत. बाकीचे रडले, कुरकुरले, दोघांनी नोकरी सोडायची भाषा केली. मावशीनं तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या आणि दादांना विचारलं, "पुस्तक कुठे मिळतं?"

पुस्तक मॅडमनीच वाटलं. पातळसं होतं. त्यात इंग्रजीत रोज बोलतात तसे दोन दोन शब्दांचे जोड होते, उचलणे, ठेवणे, घेणे असल्या साध्या शब्दाला मागे एक बारकं शेपूट लावलेलं. एकेका जोडाखाली त्याचे अर्थ, आणि प्रत्येक अर्थापुढे त्याच्या जागी कुठला दुसरा शब्द चालेल ते. मावशीनं घरी आल्यावर चपला पण काढल्या नाहीत, पुस्तक उघडलं आणि टेक इन शोधायला लागली. का, तर तेवढंच तिला येत होतं. चिठ्ठ्यांवर रोज तेच असायचं. टेक इन म्हणजे कपडा आत घे. आपण पण आत घेणेच म्हणतो, म्हणून तिला ते पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. म्हणायची, बघ, त्यांचे शिंपी आणि आपले शिंपी एकाच मास्तरांकडे शिकलेत.

पान सापडलं. भाचीनं वाचून दाखवलं. ही भाची म्हणजे मावशीच्या मोठ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती, घरात कुणाकडे ठेवायची ह्यावर चुलते माना हलवत बसले होते. मावशीनं रविवारी तिला उचलून आणलं आणि सोमवारी शाळेत घातलं. चर्चा नाही की बैठक नाही. आता ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि इंग्रजी चांगलं होतं तिचं.

भाची वाचत गेली तसा मावशीचा चेहरा पडत गेला. टेक इन म्हणजे कपडा आत घेणे, ठीक. पण टेक इन म्हणजे एखाद्याला घरात आसरा देणे. टेक इन म्हणजे ऐकलेलं समजून डोक्यात उतरणे. टेक इन म्हणजे फिरायला निघाल्यावर वाटेतलं एखादं ठिकाण पण बघण्यात धरणे. टेक इन म्हणजे लोकांचं काम घरी आणून करणे. होडीत पाणी शिरलं तरी टेक इन. आणि टेक इन म्हणजे एखाद्याला फसवणे.

"सात?" मावशी म्हणाली. "एका हँगरला सात कोट अडकवलेत मेल्यांनी. आणि वरनं बटणं पण सारखीच."

पहिले पंधरा दिवस वाया गेले. सकाळी कामावर जायच्या आधी तासभर दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. भाची बिचारी कॉलेजात शिकवतात तसं शिकवायची, अर्थ पाठ कर, त्यापुढचा दुसरा शब्द पाठ कर, म्हण. मावशी म्हणायची पण आणि चहा ओतेपर्यंत विसरायची. पुस्तकातल्या त्या दुसऱ्या शब्दांवर तर तिचा भयंकर राग. ती त्यांना बदलीवाले म्हणायची. कामावर कुणी सुट्टीवर गेलं की बदलीवर माणूस येतो ना, तसे. आसऱ्याच्या ठिकाणी एक बदलीवाला चालतो, फसवण्याच्या ठिकाणी दुसरा, आणि एकाला दुसऱ्याच्या जागी उभा केला की वाक्याचा विचका. मावशी म्हणाली, टेक इन हा जुना कामगार आहे, सात खात्यांत काम करतो, बदलीवाल्याला एकच खातं येतं. भाची म्हणाली, मावशी, हे आमच्या बाईंनी असं सांगितलं असतं तर आमचा अख्खा वर्ग पास झाला असता.

एका सकाळी भाची चिडली. दहा वेळा सांगून झालं होतं. तर मावशी तिला म्हणाली, "अगं मला अर्थ सांगू नकोस. हा कुणाच्या मापाचा आहे ते सांग."

म्हणजे असं, की मावशीला कोट कधी नंबरानं लक्षात राहिला नाही. चारशे कोट होते, पण तिला विचारलं तर सांगायची, हा डाव्या खांद्यानं उतरलेल्या वेटरचा, हा ज्याला मुलगी झाली त्या आचाऱ्याचा. माणूस माहीत असला की माप आपोआप हातात यायचं. मग दोघींनी तसंच चालू केलं. सात अर्थांना सात माणसं शोधायची. कपडा आत घेणे म्हणजे म्हातारे मास्तर. आसऱ्याला वेळ लागला नाही, भाची समोरच बसली होती. लोकांचं काम घरी आणणे म्हणजे मावशीची आई, ती शेजारपाजारचे कपडे आणून घरी शिवायची. वाटेतलं ठिकाण धरणे म्हणजे हॉटेलच्या सहलीच्या गाडीचा ड्रायव्हर, तो विमानतळावर जाता जाता पाहुण्यांना तळं पण दाखवून आणायचा. होडीत पाणी म्हणजे इस्त्रीवाले दादा, कारण त्यांनी एकदा बागेतल्या तळ्यात बायकोसकट होडी उलटी केली होती आणि अजून त्यांना घरी त्याचे टोमणे चालू होते. डोक्यात उतरणे म्हणजे खाली फोन घेणारी पोरगी. तिचे वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा तिला तीनदा सांगावं लागलं. ऐकत होती, मान हलवत होती आणि पुढचे फोन घेतच होती.

मावशी ह्यातल्या हॉटेलातल्या एकेका माणसाचं वाक्य चिठ्ठीवर लिहून त्याच्या कोटाच्या आतल्या बाजूला टाचायची. काम करता करता कोट हातात आला की चिठ्ठी वाचायची आणि परत टाचायची. दादा म्हणाले, "अहो माझ्या कोटात होडी का घातलीत?"

मावशी म्हणाली, "बुडलात म्हणून."

सहा माणसं झाली. फसवण्याला मात्र माणूस मिळेना. भाचीनं चार नावं सुचवली, मावशीनं चारही नाकारली. हा नको, त्याला वाईट वाटेल. तो नको, तो काही फसला नव्हता, त्याला माहीत होतं. असं करत ती जागा रिकामीच राहिली.

तेवढ्यात दरवाजेवाले काका कामावर परत आले. हे काका हॉटेलच्या मोठ्या दाराशी उभे राहायचे, उंचेपुरे, भरल्या अंगाचे. पिवळ्या बटणांचा लांब काळा कोट घालून उभे राहिले की दार लहान वाटायचं. त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. चार महिन्यांनी आले ते निम्मे होऊन. कोट त्यांच्या अंगावर नव्हताच, ते कोटाच्या आत कुठेतरी होते. वरचे लोक कुजबुजायला लागले होते की आता ह्यांना दारावर ठेवायचं का. काकांना ते कळत होतं. त्यांच्या कोटाला चिठ्ठी आली, टेक इन, दोन्ही बाजूंनी दोन दोन इंच. खाली छापलेलं होतंच, ट्रिम.

मावशीनं त्यांना आरशासमोर उभं केलं आणि टाचण्या लावायला लागली. काका आरशात बघत नव्हते, वर खिडकीतल्या बुटांकडे बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, किती कमी केलंस? मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं सगळ्या काढल्या, हातात घेतल्या. असं ती कुणासाठी करत नसे.

"कमी नाही केलं," ती म्हणाली. "आत ठेवलंय."

काकांनी आरशात बघितलं. मान जरा ताठ झाली, एवढंच.

आणि मावशीनं खरंच ठेवलं. चिठ्ठीवर कापा लिहिलेलं असताना एक धागा कापला नाही. पण चकचकीत रेघेचं काय, मॅडमचं म्हणणं खोटं नव्हतं ना. मग तिनं दोन दिवस खर्ची घातले. चार बोटांची माया उघडून दोन्हीकडे सपाट पसरली आणि उलट्या तिरप्या टाक्यांनी अस्तराला इतकी हलकी धरली की बाहेरून हात फिरवला तरी कळू नये. हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं, ह्याचा वेळ कुणी देणार नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत केलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती टेबलाशी बसली, चहा तसाच ठेवला आणि भाचीला म्हणाली, लिही, सातवं माणूस सापडलं.

भाचीनं विचारलं, कोण?

"मी."

आणि मग तिनं सांगितलं. भाचीला तेव्हापर्यंत एवढंच माहीत होतं की मावशीचं लग्न टिकलं नाही. ते स्थळ आलं तेव्हा त्या माणसानं सांगितलं होतं की माझी पहिली बायको वारली. लग्नाला पाच महिने झाल्यावर ती पहिली बायको दारात येऊन उभी राहिली, हातात पिशवी घेऊन, चांगली धडधाकट. मावशीनं तिला पाणी दिलं, आपलं मशीन उचललं आणि त्याच दिवशी घर सोडलं. तीस वर्षं ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. भाची रडायला लागली तर मावशी म्हणाली, रडतेस काय, वाक्य बरोबर आहे का ते बघ.

परीक्षा हॉटेलच्या कामगारांच्या जेवणाच्या खोलीत होती. बावीस जण. पेपरात एक प्रश्न असा होता की पाचपैकी एक जोड घ्या, त्याचे अर्थ लिहा, बदलीचे शब्द लिहा, वाक्यं लिहा. पाचात टेक इन होतं. मावशीनं पन्नास मिनिटं मान वर केली नाही. व्याकरणाची बोंब होती, पण सातही माणसं आपापल्या जागेवर उभी होती.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या बाकावर बसली असताना दादा धावत आले. त्यांचा चेहरा पांढरा. म्हणाले, मॅडमनी काकांचा कोट तपासायला नेला, अस्तर उलटून बघितलं, आतलं सगळं सापडलं, कोट आत टेबलावर आहे. दादा म्हणाले, ऐका, विचारलं तर सांगा ट्रिम कळलं नाही. नवीन शब्द आहे. न कळणं हा काही गुन्हा नाही, सांगितलेलं न करणं गुन्हा आहे.

बरोबर होतं त्यांचं. पण कळलं नाही म्हटलं असतं तर मग परीक्षा कशाची? मग चादरीच. आणि कळलं होतं म्हटलं तर हुकूम मोडला, कदाचित चादरी पण नाहीत, घर. मावशी आत गेली ती ह्या काळजीत, आणि सवयीनं तोंडात टाचण्या तशाच. टेबलामागे मॅडम आणि परीक्षेला बाहेरून आलेले एक वयस्क सर. सरांनी नमस्कार केला आणि मावशीला आधी तळहातावर टाचण्या काढाव्या लागल्या. सरांना हसू आलं. मॅडमना नाही.

मॅडमनी कोट पुढे सरकवला. चिठ्ठी वाचायला सांगितली. मावशीनं वाचली, शेवटपर्यंत, खालच्या शब्दासकट. मग मॅडमनी विचारलं, ह्या शेवटच्या शब्दाचा अर्थ माहीत आहे का?

दार अर्धं उघडं होतं, दादा बाहेर उभे राहून ऐकत होते, म्हणून हे आम्हाला कळलं. ते म्हणतात, मावशीनं एवढा वेळ घेतला की त्यांना वाटलं आता म्हणते, आता म्हणते, कळलं नाही म्हणून.

"आय नो," मावशी म्हणाली. "ट्रिम इज कट. आय नो. आय नॉट कट."

मॅडमनी विचारलं, का? मावशीनं आपल्या भाषेत सांगू का म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, परीक्षा इंग्रजीची आहे. मग मावशीनं कोट जवळ ओढला, अस्तर उलटलं, त्या मायेवर हात ठेवला आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं इंग्रजी बोलली.

"टुडे मॅन स्मॉल. टुमारो मॅन बिग. क्लॉथ वेट."

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, इस्त्रीनं रेघ पडते म्हणून नियम केलाय, हौस म्हणून नाही. तर मावशीनं दाराकडे बघितलं आणि दादांना हाक मारली, इस्त्री आणा. दादांनी जेवणाच्या टेबलावर कापड टाकून त्या शिवणीवर इस्त्री फिरवली, वाफ सोडली, दाबली, जेवढी दाबता येईल तेवढी. मॅडमनी कोट उचलून खिडकीशी नेला. इकडून बघितला, तिकडून बघितला. नखानं चाचपला. रेघ नव्हती.

मॅडम परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही पास आहात. आणि सांगितलेलं केलं नाही म्हणून तुम्हाला पत्र मिळेल, ते तुमच्या कागदांत राहील. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

मावशी म्हणाली, द्या.

पत्र आलं. दोन ओळींचं, इंग्रजीत. मावशीनं भाचीकडून वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं की ह्यांनी सूचना कॅरी आउट केल्या नाहीत, म्हणजे पाळल्या नाहीत. मावशीनं लगेच पुस्तक काढलं, कॅरी आउटचं पान उघडलं आणि म्हणाली, ह्याला किती कोट आहेत बघू. ते पत्र तिनं घडी करून टाचण्यांच्या डबीत तळाशी घातलं. आत्ता आवरताना निघालं. बाकी शाळेचा दाखला नाही, बक्षीस नाही, एवढा एकच कागद तिच्या नावाचा.

काका आठ महिन्यांनी खाली आले. कोटाची बटणं ताणलेली. तोंडावर हसू मावत नव्हतं, पण बोलले एवढंच की जरा अडचण होते आहे. मावशीनं उसवलं, सोडलं, शिवलं, अर्धा तास लागला नाही. मॅडम तेव्हा खोलीतच होत्या, नंबर तपासत होत्या. त्यांनी बघितलं. परत नंबर तपासायला लागल्या. पण पुढच्या महिन्यात नवीन चिठ्ठ्या छापून आल्या त्यात खालची ओळ नव्हती. दादा म्हणाले, मावशी, आता कॅरी आउट करायला काही उरलंच नाही. मावशीनं एकदा हं केलं.

नऊ वर्षं गेली त्याला. भाची शिकली, शाळेत इंग्रजी शिकवायला लागली, आणि पोरांना अजून कुणाच्या मापाचं ते विचारते म्हणे. मावशी आजारी पडली ती गेल्या वर्षी. हळूहळू उतरत गेली. तिचा कामाचा करडा कोट होता, अकरा नंबरचा, मूळचा दुसऱ्या कुणाचा, तिनं आपल्या मापाला आत घेतलेला. तो अंगावर लोंबायला लागला तर तिला ते सहन होईना. म्हणाली, सोमवारी कामावर जायचंय, असा ध्यानासारखा कोट घालून जाऊ का? स्वतःच्या हातात तर सुई धरवत नव्हती. भाचीला बसवलं. भाचीला शिवण यथातथाच. मावशी उशीला टेकून बघत होती, तोंडात टाचण्या धरून, एकेक काढून देत होती. दोन्ही बाजूंनी तीन तीन बोटं आत घेतलं.

सगळ्यांना माहीत होतं की सोमवार काही येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भाचीला सांगितलं होतं, आणि मावशीला न सांगता कळलं होतं. शिवण झाल्यावर आत ते एवढं कापड गोळा झालं होतं, अंथरुणात टोचलं असतं. भाचीनं कात्री हातात घेतली आणि विचारलं, मावशी, कापू का?

मावशीनं दोनदा हं केलं.

मग भाचीनं ते पसरलं आणि उलट्या तिरप्या टाक्यांनी धरलं, मावशी सांगेल तसं. टाके वाकडे आले. मावशीनं हात फिरवून बघितला आणि काही नाव ठेवलं नाही, म्हणजे तिची तब्येत किती बिघडली होती ते समजून घ्या.

कोट हॉटेलचा, तो परत करायला हवा होता. भाची परवा घेऊन गेली. पुढच्या दारात काका होते, पुढच्या महिन्यात त्यांची नोकरी संपते. कामगारांनी मागच्या दारानं जायचं असतं, पण काकांनी मोठं दार उघडलं आणि ती आत जाईपर्यंत धरून उभे राहिले. खाली खिडकीखाली आता नवीन बाई बसते, अंगानं चांगली भरलेली. दादांनी तिला अकरा नंबरचा कोट दिला. तिनं घालून बघितला, बटण लागेना. म्हणाली, हा काही मला व्हायचा नाही, दुसरा बघा.

भाची म्हणाली, थांबा. कोट उलटा केला, आपलेच वाकडे टाके उसवले, दोन्हीकडची तीन तीन बोटं सोडली. मग त्याच मशीनवर बसून, पायट्यावरच्या त्या पायाच्या आकारावर पाय ठेवून, दोन सरळ शिवणी मारल्या. नवीन बाईनं कोट परत घातला, बटणं लावली, हात वर करून बघितले. मग आत बोट घालून चाचपलं आणि म्हणाली, अहो, अजून शिल्लक आहे की आत.